एका नेमक्या सशाची गोष्ट

पीटर नावाचा ससा मॅकग्रेगरच्या बागेत शिरतो तेव्हा त्याच्या अंगात निळा कोट असतो, पायांत बूट असतात आणि तो दोन पायांवर उभा राहून मुळे खातो. मॅकग्रेगर मागे लागतो तेव्हा पीटरचा एक बूट कोबीच्या वाफ्यात पडतो, दुसरा बटाट्यांत. बूट गेले की पीटर चार पायांवर येतो आणि त्याचा वेग वाढतो. मग गूजबेरीवर टाकलेल्या जाळीत कोटाची बटणे अडकतात, कोटही सोडून द्यावा लागतो, आणि इतका वेळ खोडकर पोरासारखा वाटणारा पीटर जीव मुठीत धरून पळणारे जनावर होतो. लहान मूल हे सगळे एका दमात ऐकून घेते. मोठ्या माणसाने मात्र ती चित्रे सावकाश पाहावीत. माणसाच्या कपड्यांतही सशाचे खांदे सशाचेच राहिले आहेत, मागचे पाय जिथे दुमडायचे तिथेच दुमडतात. कोट चढवला म्हणून आतली हाडे बदललेली नाहीत.

ही चित्रे काढणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरला ती हाडे माहीत होती. तिने ससे पाळले होते. आधी बेंजामिन बाउन्सर, मग पीटर पायपर. त्यांना तिने झोपलेले, खाताना, कान खाजवताना, शेकोटीपुढे आडवे पडलेले, सगळ्या बाजूंनी शेकडो वेळा चितारले. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे ती आणि तिचा भाऊ घरीच उकळून, साफ करून अभ्यासत. १९०२ साली ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ बाजारात आले तेव्हा ती ३६ वर्षांची होती. त्या छोट्या पुस्तकामागे निदान वीस वर्षांचे पाहणे होते.

तिचे चरित्र सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. श्रीमंत घरातली एकाकी मुलगी, सशांत रमलेली, मग अकस्मात यश, मग प्रेमभंग, मग खेड्यातला निवांतपणा. २००६ साली तिच्यावर आलेल्या चित्रपटानेही जवळपास हीच वाट धरली. यातली एकही गोष्ट खोटी नाही, पण या मांडणीत ती कायम कशापासून तरी पळणारी दिसते, आणि अळंब्यांचा अभ्यास, मुलांची पुस्तके, मेंढ्यांची शेती हे तिच्या आयुष्याचे तीन सुटे तुकडे होऊन बसतात. मला ते तसे दिसत नाहीत. तिने आयुष्यभर एकच काम केले. कुठलीही गोष्ट मोघम न ठेवता तिचा नेमका नमुना शोधला: नेमके अळंबे, नेमका ससा, नेमके मूल, नेमका जिना, नेमका डोंगर. हे पुस्तक त्या नेमकेपणाचा माग काढण्यासाठी लिहिले आहे.

तिचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या बोल्टन गार्डन्समधला. वडील रूपर्ट पॉटर शिकलेले बॅरिस्टर, पण त्यांचा जीव छायाचित्रणात. पैसा आला होता तो आजोबांकडून. लँकेशायरच्या सुती कापडाच्या धंद्यात दोन्हीकडची घराणी वर आली होती. आजोबा एडमंड पॉटर यांचा कापडावर नक्षी छापण्याचा मोठा कारखाना होता. आपल्या इतिहासात हा प्रदेश वेगळ्याच कारणाने येतो. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तिच्या मागचा राग लँकेशायरच्या गिरण्यांवरच होता. त्या धंद्याच्या नफ्यावर लंडनमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर एका मुलीला आयुष्याची पहिली तीस वर्षे चित्रे काढत बसता आले, हे चरित्र लिहिताना विसरून चालत नाही.

तिला शाळेत घातले नाही. शिकवायला घरी बाया येत. धाकटा भाऊ बर्ट्रम सुटीत घरी आला की दोघांची प्राण्यांची वसाहत वाढे: बेडूक, पाणसरडे, वटवाघळे, साप, साळू, उंदीर. उन्हाळ्यात सगळे कुटुंब महिनोन् महिने स्कॉटलंडमधल्या डॅलगाइझ हाउसमध्ये राहायला जाई. तिथले रान, नदी, गवत, किडे हीच तिची खरी शाळा. वडिलांचे स्नेही असलेले नामवंत चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनी तिला सांगितले होते की चित्र काढता येणारे पुष्कळ असतात, तिच्याकडे निरीक्षण आहे. एवढे कौतुक तिला पुढे कितीतरी वर्षे पुरले असावे.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने रोजनिशी सुरू केली, तीही स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि ती १८९७ पर्यंत चालवली. तिच्या मृत्यूनंतर ते कागद सापडले तेव्हा ते कुणालाच वाचता येईनात. लेस्ली लिंडर नावाच्या संग्राहकाने वर्षानुवर्षे डोके फोडले. अखेर १९५८ मध्ये त्याला एका ओळीत रोमन अंकांतला ‘सोळा’ आणि १७९३ हे साल दिसले. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला त्या साली मृत्युदंड झाला, हे आठवून त्याने तिथून लिपीचे कुलूप उघडले. आत कुठलेही भयंकर गुपित निघाले नाही. निघाली ती पाहिलेल्या चित्रप्रदर्शनांबद्दलची कडक मते, राजकारणावरची कुरकुर, आजीच्या आठवणी, पाळीव प्राण्यांची आजारपणे. कुणीही वाचणार नाही अशी खात्री असतानाही एक मुलगी सोळा वर्षे नेटके, धारदार गद्य लिहीत राहिली, याचे मला त्या लिपीपेक्षा जास्त नवल वाटते. पुढे तिच्या गोष्टींतले एकही वाक्य सैल का नाही, याचे उत्तर या रोजनिशीत आहे.

अळंब्यांच्या प्रकरणाला मी या पुस्तकात मुद्दाम जास्त जागा दिली आहे. १८९० च्या दशकात अळंबी हा तिचा ध्यास झाला होता. स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिन्टॉश या टपालवाल्याला तिने गुरू मानले. रोज मैलोन् मैल पायी टपाल वाटता वाटता हा माणूस परिसरातल्या वनस्पतींचा जाणकार झाला होता. तो हिवाळ्यात तिला टपालाने ताजे नमुने पाठवी आणि ती त्यांची चित्रे काढून एक प्रत त्याला धाडी. चित्राखाली नुसते नाव घालून चालणार नाही, अळंबे उभे चिरून आतला भागही दाखवावा, हे तिला त्यानेच शिकवले. तिने अळंब्यांची तीनशेहून अधिक चित्रे काढली. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९६७ मध्ये, डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी सामान्य अभ्यासकासाठी अळंब्यांचे मार्गदर्शक पुस्तक काढले तेव्हा त्यात तिचीच चित्रे वापरली. ज्या चित्रावरून रानात उभे राहून ‘हे तेच’ असे म्हणता येते, असे ते चित्र.

चित्रांवर ती थांबली नाही. बीजाणू रुजतात कसे, हे पाहण्यासाठी तिने घरी सूक्ष्मदर्शकाखाली ते वाढवायला घेतले. तिचे काका, रसायनशास्त्रज्ञ सर हेन्री रॉस्को, तिला क्यूच्या वनस्पती उद्यानात घेऊन गेले. तिथल्या तज्ज्ञांनी तिला फारसे मनावर घेतले नाही. तरी तिने निबंध लिहिला, आणि १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. मांडला क्यूच्या जॉर्ज मॅसी यांनी, कारण स्त्रियांना त्या सभेत बसता येत नव्हते. आणखी काम करायला हवे म्हणून निबंध मागे घेतला गेला, तो पुन्हा कधीच दिला गेला नाही आणि आज त्याची प्रतही उपलब्ध नाही. १९९७ मध्ये सोसायटीने तिला मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. लायकेनबद्दल, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या गटातले त्याबद्दल, तिने क्रांतिकारक शोध लावला होता आणि तो पुरुषांनी दाबला, असे अलीकडे वारंवार छापून येते. निबंध हाती नसताना एवढा मोठा दावा करता येत नाही, आणि तिला तो करावासा वाटला असता असे मला वाटत नाही. तिच्यावर अन्याय झाला तो साधा आणि म्हणूनच जास्त कडू आहे: काम चांगले असो की वाईट, ते तपासायला ज्या खोलीत माणसे जमली होती त्या खोलीत तिला जागा नव्हती. विज्ञानाने तिला गमावले आणि मुलांना ती मिळाली, हे गोड वाक्यही मला पटत नाही. तिच्या चित्रांतून विज्ञान कधी गेलेच नाही.

आता मुलांकडे वळू. तिला शिकवायला आलेली अॅनी कार्टर तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी होती. १८८५ साली तिचे लग्न झाले, ती अॅनी मूर झाली, आणि तिच्या घरात एकामागून एक मुले झाली. बिअ‍ॅट्रिक्स त्या मुलांना पत्रे लिही, मजकुराच्या मध्ये मध्ये चित्रे काढून. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावाजवळच्या मुक्कामातून तिने पाच वर्षांच्या नोएलला पत्र लिहिले. तो आजारी होता, लिहायला विशेष काही नव्हते, म्हणून तिने चार सशांची गोष्ट लिहिली. नोएलला पत्र आले की धाकट्या एरिकलाही हवेच. दुसऱ्याच दिवशी त्याला एका बेडकाची गोष्ट गेली. पहिल्या पत्रातून पुढे ‘पीटर रॅबिट’ निघाले, दुसऱ्यातून १९०६ चे ‘जेरेमी फिशर’.

या पत्रांत तिच्या कामाची किल्ली आहे असे मी मानतो. पीटरची गोष्ट चालली याचे कारण ती एका खऱ्या मुलाला लिहिली होती, कुणी मागणी नोंदवली म्हणून बेतली नव्हती, असे पुढे तिनेच म्हटले आहे. समोर एक मूल असले की लिहिणाऱ्याला लबाडी करता येत नाही. ‘मुलांना काय आवडते’ हा प्रश्न मोघम आहे आणि त्याची उत्तरेही मोघमच येतात. नोएल मूरला आज अंथरुणात पडल्या पडल्या काय आवडेल, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर असते आणि ते लगेच द्यावे लागते. मूर कुटुंबाने ती पत्रे जपून ठेवली होती, हे वाचकांचे भाग्य. अॅनीनेच यांची पुस्तके होतील असे सुचवले, आणि १९०० च्या सुमारास बिअ‍ॅट्रिक्सने पत्र परत मागून घेऊन त्याची नक्कल केली.

प्रकाशकांनी एकामागून एक नकार दिला. त्यांना पुस्तक मोठे हवे होते किंवा पद्यात हवे होते. तिला ते मुलाच्या मुठीत मावेल एवढे, गद्यात आणि स्वस्त हवे होते. सहा शिलिंगांचे एक मोठे पुस्तक काढण्यापेक्षा एकेका शिलिंगाची दोन-तीन काढावीत, कारण छोट्या सशांना सहा शिलिंग परवडत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या, आतली चित्रे काळ्या रेषांची आणि मुखचित्र तेवढे रंगीत. ओळखीपाळखीत त्या इतक्या भराभर गेल्या की दोन-तीन महिन्यांत आणखी २०० काढाव्या लागल्या. एक प्रत आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या मुलांसाठी घेतली होती.

फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी मग तयार झाली, पण चित्रे रंगीत हवीत या अटीवर. ऑक्टोबर १९०२ च्या पहिल्या आवृत्तीच्या ८,००० प्रती दुकानात पोहोचण्याआधीच संपल्या आणि वर्षअखेर छापलेल्या प्रतींचा आकडा २८,००० वर गेला. कागदी पुठ्ठ्याची प्रत एका शिलिंगाला. रंगीत छपाई तीन रंगांच्या ठशांनी करायचे तंत्र तेव्हा नवे होते; त्यामुळे जलरंगाच्या पातळ छटा हुबेहूब उतरत, पण त्यासाठी गुळगुळीत लेपाचा कागद लागे. प्रत्येक ठशाचे नमुने ती स्वतः तपासून परत पाठवी. किंमत खाली ठेवून रंग राखायचे म्हणजे पानांचा आकार आणि चित्रांची संख्या छपाईच्या हिशोबात बसवावी लागे, आणि ती त्या हिशोबात बरोबरीने भाग घेई. काही चित्रे गाळली गेली. पीटरच्या बापाचे मांस भरून भाजलेला ‘पाय’ हा पदार्थ टेबलावर ठेवणाऱ्या मॅकग्रेगरबाईंचे चित्र पुढच्या आवृत्त्यांतून नाहीसे झाले. बापाच्या मरणाचे वाक्य मात्र तिथेच राहिले.

पान कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. उघडलेल्या पुस्तकात एका बाजूला दोन-चार ओळी, समोर एक चित्र. भोवती भरपूर मोकळी जागा. ओळी जिथे थांबतात तिथे पान उलटायचे असते, म्हणून धोका नेहमी पान उलटल्यावर येतो. जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा सांगितलेले नसते, आणि शब्दांत जे आहे त्याची चित्र नक्कल करीत नाही. आज चित्रपुस्तके करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. हे नियम बनवणाऱ्या मोजक्या लोकांत ती एक होती. तिच्या आधीच्या रँडॉल्फ कॅल्डेकॉटकडून ती पुष्कळ शिकली; त्याची मूळ चित्रे तिच्या वडिलांनी विकत घेतली होती आणि लहानपणापासून ती तिच्या डोळ्यांसमोर होती.

पुढच्या दहा वर्षांत पुस्तके भराभर आली, आणि प्रत्येकाला एक पत्ता आहे. ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’मधले भरतकामाचे जाकीट तिने साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या अठराव्या शतकातल्या खऱ्या जाकिटावरून टाका टाका पाहून उतरवले. ‘स्क्विरल नटकिन’मधले घुबडाचे बेट डर्वेंटवॉटर तळ्यात आहे. ‘मिसेस टिगी-विंकल’ ही कपडे धुणारी साळू न्यूलँड्सच्या खोऱ्यात राहते, तिच्या चेहऱ्यात डॅलगाइझच्या एका म्हाताऱ्या परटिणीची छाया आहे, आणि चित्रासाठी बसण्याचे काम पॉटरच्या पाळलेल्या साळूने केले आहे. ‘जेमिमा पडल-डक’ला अंडी उबवू देत नाहीत, कारण बदके नीट बसत नाहीत म्हणून शेतकरणी त्यांची अंडी कोंबडीखाली ठेवत, ही तिच्या शेतावरची रोजची गोष्ट होती.

या गोष्टींत मरण आहे, आणि ते लपवलेले नाही. जेमिमाला कोल्ह्यापासून सोडवायला आलेली कुत्र्याची पिल्ले शेवटी तिचीच अंडी खाऊन टाकतात. उंदरांची जोडी मांजराच्या पिल्लाला कणकेत गुंडाळून शिजवायला निघते. जेरेमी बेडूक माशाच्या तोंडातून वाचतो तो अंगातल्या रेनकोटाची चव माशाला न आवडल्यामुळे, आणि घरी परतून पाहुण्यांना मेजवानी देतो ती किड्यांचीच. काही आईबाप हे वाचून बिचकतात. पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना प्राण्यांनी एकमेकांना खाण्याचे नवल नाही. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. पंचतंत्रातला कोल्हा एक धोरण घेऊन बोलतो; त्याच्या जागी दुसरा कोणी धूर्त आला तरी शहाणपण तेच राहील. पॉटरच्या कोल्ह्याला काढून टाकले तर गोष्टच उरत नाही, कारण ती त्याच्या शेपटीच्या झुबक्यावर, फॉक्सग्लोव्हच्या झुडपावर आणि बदकाला कोल्हा ओळखू न येण्यावर उभी आहे. दोन्ही परंपरा थोर आहेत. मुलांना दोन्ही मिळाव्यात.

आणि इथे मला मराठीबद्दल बोलायचे आहे. आपल्या मुलांच्या पुस्तकांत अजूनही एका जंगलात एक सिंह फार वेळा राहतो. कोणते जंगल? सह्याद्रीत सिंह नाही. तिथे शेकरू आहे, खवल्या मांजर आहे, पावसाळ्यात कातळावर बसणारे बेडूक आहेत, आणि पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी आहेत. एखाद्या चित्रकाराने भीमाशंकरच्या झाडांखाली बसून शेकरू घरटे कसे बांधते हे दोन पावसाळे पाहिले आणि मग ओळखीच्या एका मुलीसाठी त्याची गोष्ट केली, तर काय होईल, याची मला फार उत्सुकता आहे. अशी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना वेळ आणि मोबदला देणारा प्रकाशक हवा.

पैशाबाबत पॉटर विलक्षण सावध होती. डिसेंबर १९०३ मध्ये तिने स्वतः शिवलेल्या पीटरच्या बाहुलीची पेटंट कार्यालयात नोंदणी केली. मग पटावरचा खेळ, भिंतीचा कागद, चिनी मातीची भांडी. पुस्तकातल्या पात्राच्या वस्तू विकण्याचा धंदा तिथून पसरला असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत मात्र ‘पीटर रॅबिट’च्या हक्कांची नोंदणीच करायची राहून गेली, आणि तिथे परवानगीशिवाय छापलेल्या आवृत्त्यांचे पीक आले; तिच्या हाती त्यातले काही लागले नाही. तेव्हापासून ती प्रत्येक वस्तूचा नमुना स्वतः पाहू लागली. सशाचे नाक चुकले तर नमुना परत जाई.

वॉर्न बंधूंपैकी सर्वांत धाकटा नॉर्मन तिच्या पुस्तकांचे काम पाही. तो हाताने लाकूडकाम करणारा माणूस. पुतणीसाठी त्याने बांधलेले बाहुलीघर ‘टू बॅड माइस’मध्ये आहे. ते पाहायला त्याच्या भावाच्या घरी जाण्यास बिअ‍ॅट्रिक्सच्या आईने हरकत घेतली, म्हणून नॉर्मनने घराची छायाचित्रे पाठवली आणि तिने त्यावरून चित्रे काढली. जुलै १९०५ मध्ये त्याने लग्नाची मागणी घातली. तिने होकार दिला. धंद्यातला माणूस जावई नको म्हणून आईवडील अडून बसले, ज्यांची स्वतःची सगळी मिळकत धंद्यातली होती. महिन्याभरात, २५ ऑगस्टला, रक्ताच्या कर्करोगाने नॉर्मन गेला. तो ३७ वर्षांचा होता. याहून जास्त मी इथे लिहीत नाही. तिने या काळात वॉर्न कुटुंबाला लिहिलेल्या पत्रांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिने इंग्लंडच्या वायव्येकडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावात हिल टॉप हे शेत घेतले, पुस्तकांच्या पैशातून आणि मावशीकडून आलेल्या थोड्या वारशातून. घरातला जिना, चूल, खिडकी, फाटकापासूनची पायवाट सगळे पुढच्या पुस्तकांत आले. आजही तिथे उभे राहून ‘सॅम्युअल व्हिस्कर्स’चे पुस्तक उघडले तर जिन्याचा कठडा ताडून पाहता येतो. १९०९ मध्ये तिने शेजारचे कॅसल फार्म घेतले. कागदपत्रांचे काम पाहणारा हॉक्सहेडचा वकील विल्यम हीलिस याच्याशी तिने १५ ऑक्टोबर १९१३ रोजी लग्न केले. आईवडिलांची नाराजी याही वेळी होती, पण आता ती ४७ वर्षांची होती. यापुढे गावात तिला मिसेस हीलिस याच नावाने हाक मारलेली आवडे.

लग्नानंतर तिने लिहिणे सोडले, असे सरसकट सांगितले जाते. त्यात १९१७ साल निसटते. नॉर्मनचा भाऊ हॅरॉल्ड खोट्या हुंड्यांच्या प्रकरणात पकडला गेला, त्याला तुरुंगवास झाला आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. पॉटरचेच तिच्याकडे मोठे येणे थकले होते. ती दुसरा प्रकाशक गाठू शकली असती. त्याऐवजी तिने जुन्या चित्रांतून एक बडबडगीतांचे पुस्तक जुळवून दिले, पुढच्या वर्षी ‘जॉनी टाउन-माउस’ दिले आणि कंपनी उभी राहिली. पण तिची नजर आता अधू होत चालली होती, आणि शेताची कामे दिवस खाऊन टाकत होती.

त्या शेतीकडे छंद म्हणून पाहणे म्हणजे तिला न समजणे आहे. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर हर्डविक नावाची मेंढी असते. कोकरू काळे जन्मते, वयाबरोबर लोकर करडी होत जाते. लोकर राठ, तिला भाव कमी, पण कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्या डोंगरावर टिकणारी ही जात. हर्डविकला कुंपण लागत नाही. कळप आपल्या डोंगराचा ठरावीक भाग सोडत नाही, आणि त्या भागाची ओळख कोकराला आईच्या मागे फिरून होते. आपला धनगर मेंढरांना घेऊन मुलूख ओलांडतो. इथे मेंढीच जागेला बांधलेली. त्यामुळे शेत विकले गेले आणि कळप पांगला, की ती ओळख कायमची तुटते; नवा कळप आणून ती विकत मिळत नाही. म्हणून तिथे शेताबरोबर कळपही हातोहात जातो. सुखवस्तू शहरी लोक उन्हाळी बंगल्यांसाठी जमिनी घेऊ लागले तेव्हा तिला नेमकी हीच गोष्ट तुटताना दिसली.

१९२३ मध्ये तिने ट्राउटबेक पार्क घेतले, सुमारे १,९०० एकरांचे, कळप यकृतातल्या कृमींनी पोखरलेला. टॉम स्टोरी या मेंढपाळाला हाताशी धरून तिने हर्डविकची निपज सुधारली आणि प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली. १९३० च्या आसपास मंक कोनिस्टन ही जवळपास ४,००० एकरांची जमीन तुकड्यांनी विकली जाणार असे दिसताच तिने ती एकत्र विकत घेतली, निम्मी, निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला घेतलेल्याच भावात दिली आणि पुढे काही वर्षे ट्रस्टच्या वतीने ती सांभाळली. या ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेले हार्डविक रॉन्स्ले तिला पहिल्यांदा भेटले होते ते १८८२ मध्ये, सोळाव्या वर्षी ती याच भागात उन्हाळ्याला आली असताना. १९४३ मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने तिची पुढच्या अध्यक्षपदासाठी निवड केली. त्या खुर्चीवर बसणारी ती पहिली स्त्री ठरली असती. २२ डिसेंबरला ती गेली. चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि डझनावर शेते तिने ट्रस्टकडे सोपवली, डोंगरावरच्या कळपांत शुद्ध हर्डविकच ठेवायची या अटीसह.

या पुस्तकात प्रकरणे काळाच्या क्रमाने आहेत, पण तिच्या वयाच्या सोळा ते तीस या वर्षांना मी जास्त पाने दिली आहेत, कारण पुढचे सगळे तिथे तयार झाले. प्राण्यांची आणि गावांची नावे मूळची ठेवली आहेत. वनस्पतींना मराठी नाव असेल तिथे ते दिले आहे. तिची चित्रे पाहायची असतील त्यांच्यासाठी दोन ठिकाणे: लेस्ली लिंडर यांनी जमवलेला संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि अळंब्यांची चित्रे तिने स्वतः अँबलसाइडच्या आर्मिट ग्रंथालयाला दिलेली आहेत.

शेवटी प्रकाशकांना एक विनंती. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे तिच्या हयातीत निघालेली पुस्तके २००४ पासून आपल्याकडे मोकळी आहेत. मराठीत ती काढताना तिचा आकार बदलू नये: साधारण साडेपाच इंच बाय चार, एका पानावर मजकूर आणि समोर चित्र, भोवती मोकळी जागा. चार गोष्टी एका जाड पुस्तकात कोंबू नयेत, चित्रे कापू नयेत, आणि पीटरच्या बापाचे काय झाले ते वाक्य गाळू नये. किंमत अशी ठेवावी की मुलाला ती आपल्या खाऊच्या पैशांतून घेता येतील.